गढ्याच्या मुलीची फाइल

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो माझ्यासाठी नव्हे, लोकांची लग्नं जमवण्यासाठी. जबलपुरातल्या मराठी घरांमधल्या उपवर मुलामुलींची यादी माझी आई ठेवत असे. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं आणि तिनंही ते कधी सोडलं नाही. शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात, बाजाराला लागून आमचं घर. भाजीला आलेली माणसं पिशवीसकट जिना चढायची आणि मेथीच्या जुडीखालून मुलीची पत्रिका निघायची. आमच्या पिढीची मुलं शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, घरी आईशी मराठी आणि भावाशी पुन्हा हिंदी बोलायची. म्हणून आईबापांना वाटे, निदान सून किंवा जावई तरी मराठी यावा. "घरात मराठीत भांडणारं कोणी तर पाहिजे न," असं आई म्हणायची.

आधी दोन लांबट वह्या होत्या, एक मुलांची आणि एक मुलींची. मी सरकारी कचेरीत लागलो, कॉम्प्युटर घेतला आणि वह्या त्यात उतरवल्या. मग लोक सायबर कॅफेतून बायोडाटा टाइप करून फ्लॉपीवर आणू लागले. दिवाळी झाली की तुळशीच्या लग्नाआधी आम्ही नवी यादी छापायचो, आणि तिच्या झेरॉक्स प्रती नागपूर, अमरावती, रायपूर, इंदूरला पोस्टानं जायच्या. आईला या सगळ्यात नावं लागतच नसत. ती माणसांना मोहल्ल्यानं ओळखायची. राइट टाउनचा इंजिनिअर, मदन महालची एम.ए. झालेली, गढ्याची शिक्षिका.

गढ्याची ही शिक्षिका चौतीस वर्षांची होती. दोनदा तिचं ठरता ठरता मोडलं होतं. एकदा पत्रिकेवरून, आणि एकदा कशावरून ते मुलाकडच्यांनी सांगितलंच नाही. आमच्या यादीत ती पाच वर्षं होती. पाच वर्षं यादीत राहिलेल्या मुलीबद्दल लोक काहीच विचारत नाहीत, मनातल्या मनात सगळं ठरवून मोकळे होतात. पण त्या वर्षी नागपूरच्या एका घराला ती पसंत पडली होती. मुलगा अडतीसचा होता. त्याच्या बहिणीनं पत्रात लिहिलं होतं, दिवाळी झाली की बघायला येतो. आईनं ते पत्र देवाजवळ ठेवलं. गढ्याला मात्र तिनं कळवलं नाही. त्यांना आधी आशा लावायची आणि मग ती मोडायची, हे तिला तिसऱ्यांदा नको होतं. "येऊ दे लोकांना स्टेशनावर, मग सांगीन," म्हणाली.

आता व्हायरस आमच्याकडे कसा आला ते सांगतो. आला कुठून हे ठाऊक नाही, पण पसरला तो आमच्या चांगुलपणामुळे. शेजारून भाजीची वाटी आली तर ती आमच्या घरातून रिकामी परत जात नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालून जाते. आईनं हाच नियम फ्लॉपीला लावला. बायोडाटा उतरवून घेतला की ती म्हणायची, "अशीच कशी परत देतो? आपली यादी टाक न तिच्यात." मी टाकायचो. याचा अर्थ काय होतो हे कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या माझ्यासारख्या शहाण्याला कळायला हवं होतं. कुणाच्या तरी फ्लॉपीतून रोग आला, आणि आम्ही तो जबलपूरच्या निम्म्या मराठी घरांत मोठ्या अगत्यानं पोचवला.

मशीन रखडायला लागलं तेव्हा कचेरीतल्या एकानं अँटिव्हायरसची सीडी दिली. रविवारी दुपारी ती घातली. आई शेजारी खाटेवर गहू निवडत बसली होती. थोड्या वेळानं पडद्यावर लाल चौकट उघडली आणि एकेका फाइलबद्दल प्रश्न विचारू लागली.

"काय म्हणून राहिला रे तो?" आईनं विचारलं.

"फायलींना व्हायरस लागला म्हणते. प्रत्येकीचं काय करायचं ते विचारून राहिला."

बहुतेक फायली साफ झाल्या. राइट टाउनचा इंजिनिअर साफ झाला, मदन महालची साफ झाली. आई प्रत्येक वेळी कोण ते विचारायची, आणि झालं म्हटलं की गव्हाची एक मूठ सुपातून डब्यात टाकायची. मग एक फाइल अडली. साफ होत नाही, डिलीट करू का, असं मशीन विचारू लागलं.

"कोणाची आहे?"

"गढ्याची."

"काहून डिलीट? पोरगी आहे ती. अशी उडवतात काय?"

"अगं, ती फाइल आहे. पोरगी गढ्यात आहे, खुशाल आहे."

"दुसरं काही नाही करता येत?"

दुसरं होतं. क्वारंटाइन, म्हणजे फाइल वेगळ्या जागी बंद करून ठेवायची. तिथून व्हायरस दुसऱ्याला लागत नाही, आणि पुढे औषध निघालं तर फाइल परत काढता येते. आईला हे एकदम पटलं. "मग तसंच कर न. पोराला कांजिण्या निघाल्या की आपण मागच्या खोलीत निजवतो. घराबाहेर थोडी काढतो?" अशा अकरा फायली त्या मागच्या खोलीत गेल्या. अकरावी माझी स्वतःची निघाली. मुलांच्या यादीत आईनं मला पहिलं घातलेलं होतं. "चला, तू पण झोप आता," म्हणून ती पोटभर हसली.

पुढचे पंधरा दिवस कॉम्प्युटर लावला की लाल चौकट यायची आणि अकरा फायली आजारी असल्याचं सांगायची. आणि मी कचेरीतून आलो की आई विचारायची, "बरे झाले काय रे?" तोवर फ्लॉपी नेलेल्या घरांतूनही फोन सुरू झाले होते. कुणाचं मशीन बंद पडलं, कुणाच्या मुलाच्या परीक्षेच्या नोट्स गेल्या. आई फोनवर माफी मागता मागता रडवेली व्हायची. "भरून द्यावं म्हणून दिलं, अन् काय भरून दिलं हो मी!" मला तिची कीव यायची आणि रागही यायचा. माझा स्वभाव मुळात उतावळा. घोंगडं भिजत पडलेलं मला बघवत नाही. ते वाळवण्याऐवजी मी फेकून देतो.

एका संध्याकाळी साहेबाशी वाजलं, त्या तिरीमिरीतच घरी आलो. कॉम्प्युटर लावला, लाल चौकट आली. मी ती मागची खोली उघडली, सगळ्या अकरा फायली निवडल्या आणि डिलीट दाबलं. चौकट हिरवी झाली. खरंच सांगतो, फार बरं वाटलं.

"झाले काय?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"झाले," मी म्हणालो. "सगळे बरे झाले."

आई हात जोडून देवाकडे गेली. तेव्हा जरा लाज वाटली. पण मी स्वतःला समजावलं, की यात खोटं फार थोडं आहे. आईच्या डायरीत सगळ्यांचे फोन आहेत, नवे बायोडाटा मागवायचे, टाइप करायचे, विषय संपला. माझा तर मी त्याच बैठकीत दहा मिनिटांत करून टाकला. मग चार-पाच दिवसांत कचेरीच्या फोनवरून एकेकाला गाठलं. काही तांत्रिक अडचण आली आहे, कृपया पुन्हा पाठवा. लोकांनी पाठवले. दहा झाले. गढ्याचा फोन लागेना. नुसता टूं टूं आवाज. दोन दिवस लावला, मग सोडून दिला. गढा आमच्या घरापासून स्कूटरनं पंधरा मिनिटं. रविवारी जाऊन येऊ म्हटलं. तो रविवार गेला, पुढचाही गेला. दिवाळी आली. यादी छापून पोस्टात पडली.

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला असेल. नागपूरहून त्या बहिणीचा फोन आला. आईचा चेहरा आधी खुलला आणि मग मी बघता बघता तो उतरला. ती फक्त "नाही हो... नाही... अच्छा... अच्छा" एवढंच म्हणत होती. फोन ठेवून ती जिथं होती तिथंच जमिनीवर बसली.

"त्या विचारून राहिल्या होत्या, गढ्याच्या मुलीचं कुठे जमलं म्हणून. यादीत नाव दिसलं नाही, मग त्यांनी अमरावतीची मुलगी पक्की केली. परवा साखरपुडा झाला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नाव काहून नव्हतं रे?"

आमच्या यादीचा हा अलिखित नियम सगळ्यांनाच माहीत होता. नाव नाही म्हणजे जमलं. कुणी फोन करून खात्री करत नसे, कारण जमल्याशिवाय आई नाव काढतच नसे. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

मी म्हणालो, "तिची फाइल व्हायरसनं खाल्ली असेल."

आईचा विश्वास बसला. तिला मशीनमधलं काय कळत होतं? ती म्हणाली, "चल, गढ्याला जाऊ. तोंड दाखवायला तर पाहिजे."

आम्ही रविवारी सकाळी गेलो. दाट वस्तीतल्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावली आणि आत चालत गेलो. मुलीचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले, ओसरीत पेपर वाचत होते. त्यांनी आम्हाला बघून खुर्च्या पुसल्या. रस्ता खोदताना फोनची वायर तुटली ती अजून जोडली नाही, असं त्यांनीच आधी सांगितलं. आई मुद्द्यावर आली. यादीत मुलीचं नाव राहून गेलं, मशीनच्या बिघाडानं झालं, मी हात जोडून माफी मागते.

त्यांनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "अहो ताई, माफी कशाची? आम्ही पाहिली यादी. आम्हाला वाटलंच, तुम्ही काढलं असेल म्हणून. पाच साल झाले. वय झालं आता तिचं. नव्या मुलींना जागा पाहिजे न. आम्हाला काही वाईट नाही वाटलं."

ते हे अगदी सरळपणे बोलले. रेल्वेत एखाद्याचं नाव यादीतून वगळलं जातं तसं. आतून मुलीच्या आईनंही मान डोलावली. आई "छे हो, छे हो, असं कसं" म्हणत राहिली. मी खाली फरशीकडे बघत होतो.

मग मुलगी चहा घेऊन आली. तिला मी फोटोतच पाहिलं होतं. फोटोत दिसते त्यापेक्षा उंच होती, आणि शाळेतल्या बाईंसारखी बघत होती, म्हणजे समोरच्यानं गृहपाठ केलेला नाही हे जणू तिला ठाऊकच आहे. तिनं ट्रे ठेवला आणि आईला विचारलं, "काकू, यादी येऊन पंधरा-वीस दिवस झाले. मग आज काहून आलात?"

आईला खोटं बोलता येत नाही. तिनं नागपूरचं सगळं सांगितलं. पत्र, पसंती, फोन, साखरपुडा. मुलीच्या आईनं तोंडाला पदर लावला. वडिलांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मुलगी मात्र उभीच राहिली. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "काय बिघाड झाला होता?"

"व्हायरस आला होता. अँटिव्हायरसमध्ये फाइल गेली."

"क्वारंटाइनमध्ये होती?"

मी दचकलो. "हो."

"मी शाळेत कॉम्प्युटरच शिकवते," ती म्हणाली. "क्वारंटाइनमधली फाइल अशी रातोरात जात नाही. कोणी तरी डिलीट केली असेल. नवं अपडेट टाकलं असतं तर साफही झाली असती." ती हे रागावून बोलत नव्हती. वर्गात सांगावं तसं सांगत होती. "किती होत्या?"

"अकरा."

"यादीत राहिलं ते माझंच एक नाव म्हणता. म्हणजे बाकी दहांचे पुन्हा मागवले तुम्ही."

"तुमचा फोन लागला नाही," मी म्हणालो.

"फोन नाही लागला. घर तर लागलं असतं."

आई माझ्याकडे बघायला लागली. मला अजूनही मार्ग होता. कचेरीत काम होतं, आई आजारी होती, स्कूटर बिघडली होती. यातलं काहीही चाललं असतं, आणि त्या घरानं मानलंही असतं. ती माणसं कशावरही विश्वास ठेवायला तयार होती, फक्त आपल्यावर अन्याय झाला यावर सोडून. तेच मला सहन झालं नाही. इतकी वर्षं झाली, पण त्या ओसरीवर मी खरं का बोललो याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे.

मी म्हणालो, "डिलीट मी केली. कंटाळून केली. मग सगळ्यात आधी माझा स्वतःचा बायोडाटा टाइप केला. मग ज्यांचं लवकर जमेल असं वाटलं त्यांना फोन केले. तुमचा नंबर शेवटी ठेवला. मला वाटलं, तुमचं तसंही कुठे लगेच जमणार आहे. दोन-चार आठवड्यांनी काय बिघडते."

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. वडिलांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"बाबांना वाटून राहिलं होतं की काकूंनी मला काढलं," मुलगी अखेरीस म्हणाली. "मी म्हणत होते, काकू असं करणारच नाहीत. चला, म्हणजे आम्ही दोघंही बरोबर होतो."

ती आत गेली आणि एक फ्लॉपी घेऊन आली. माझा हात पुढे झाला होता. तिनं फ्लॉपी आईच्या हातात दिली. "नवा बायोडाटा आहे, काकू. स्कॅन केलेली आहे. वय खरं टाकलं आहे." मग मला म्हणाली, "चहा घ्या, थंडा होऊन राहिला." मी तो प्यायलो. त्या घरात मला शिव्या मिळाल्या असत्या तर प्यायलो नसतो.

पुढचं काय झालं तेही सांगतो, लपवण्यासारखं त्यात काही नाही. नव्या पुरवणी यादीत तिचं नाव गेलं. दोन स्थळं आली आणि गेली. आणखी दोन वर्षांनी तिनंच चिठ्ठी लिहून नाव काढायला सांगितलं. ती पुढे तिच्या शाळेची मुख्याध्यापिका झाली असं ऐकतो, आणि लोक तिच्याबद्दल आदरानं बोलतात. पण ऐकून मला बरं वाटतं, हे काही तिच्या कामाचं नाही. माझं स्वतःचं लग्न त्याच यादीतून जमलं, त्याच हिवाळ्यात. बायकोला मी हे सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, ज्यांना आधी फोन केलेत त्यांच्यात मी होते की नाही ते मात्र मला सांगू नका.

त्या रविवारी परत येताना आई स्कूटरवर मागे बसली. एरवी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बसते. त्या दिवशी तिनं मागची स्टेपनी धरली. मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला लागलो, चौक गेला, बाजार जवळ आला. तिनं रागवावं म्हणून मी वाट बघत होतो. तिचं रागावणं मला पाठ होतं, त्यातून सुटायचं कसं तेही ठाऊक होतं. छोट्या लाइनच्या रेल्वेचं फाटक बंद होतं. मी इंजिन बंद करून पाय टेकले.

"आई, बोल न काही," मी म्हणालो.

रेल्वेगाडी धडधडत आली. शेवटचा डबा गेला तेव्हा मागून तिचा आवाज आला, इतका हळू की मला मान वळवावी लागली.

"तुलाच काय बोलू? छापायच्या आधी मी पण वाचली होती रे ती यादी. चष्मा लावून, दोन वेळा. एकाच्या वडिलांचं गाव चुकलं होतं, ते दिसलं मला. ती नाही, हे नाही दिसलं."